बंद घरातला दिवा

३ जून २०२५, मुरुड

आज पुन्हा तेच — "तज्ज्ञ व्यक्ती कोण?"

सुजित गेला म्हणजे नुसता नवरा गेला नाही, तज्ज्ञ गेला. बाकी सगळं जागेवर आहे — दुकान, पंप, औषधं, गिऱ्हाइकं, मी. पण कीडनाशक फवारणीच्या परवान्यावर नाव त्याचं, कारण तो बी.एस्सी. आणि मी बारावी आर्ट्स. अलिबागला खिडकीतला माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "मॅडम, मुदत डिसेंबरअखेरपर्यंत आहे. पुढच्या वेळी एखादा पदवीधर दाखवा, लगेच नूतनीकरण." दाखवा! जणू मुलगीच दाखवायची आहे.

या कामात मला सतरा वर्षं झाली. मुरुडमधल्या निम्म्या लॉजच्या गाद्या मी उलट्या करून बघितल्यात. सुजित गाडी चालवायचा आणि सही करायचा, पंप माझ्या नाहीतर आमच्या कामगाराच्या, सदाच्या पाठीवर. हे मी त्याच्या हयातीत कधी बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही, एकाच घरात होतं सगळं. आता लॉजवाले बिलावर परवान्याचा नंबर मागतात. नंबर नाही तर काम नाही. म्हणजे जानेवारीत मी काय करायचं? सुपारी सोलायची?

येताना बसमध्ये रडले. राग आला की मला रडू येतं, हे माझं जुनं दुखणं.

९ जून

ऋत्विक आला होता. चौलचा, आमच्या छोट्या व्यावसायिकांच्या संघटनेचा सचिव. शेतीचा पदवीधर, तोंडाचा गोड. म्हणाला, "ताई, टेन्शन कशाला? माझी डिग्री लावून टाक. सगळे हेच करतात. एक माणूस आठ-आठ दुकानांना तज्ज्ञ असतो, कुठल्याही दुकानात पाय न ठेवता."

मी म्हटलं, मग मी काय, तुझ्या डिग्रीची भाडेकरू?

तो हसला. मग मी त्याला ऐकवलं — आठ दुकानांना खोटी नावं लावण्यापेक्षा नियमच बदलून घ्या ना! दहा वर्षांचा अनुभव आणि एक परीक्षा, एवढं पुरे म्हणा. परीक्षा मी आत्ता देते. तो म्हणाला, "हे चांगलंय. तूच बोल. बाई बोलली की ऐकतात."

म्हणजे बोलायचं मी, आणि सचिव हा. चालेल. आपलं काम झाल्याशी मतलब.

२१ जून

आमदारांच्या कार्यालयात अडीच तास. त्यांचा माणूस निवेदन वाचता वाचता कानात काडी घालत होता. मध्येच विचारलं, "झुरळं का जात नाहीत हो आमच्या घरातली?" मी सांगितलं, सिंकखालचा पाइप बघा. त्याने ते लिहून घेतलं. निवेदनातलं काही लिहून घेतलं नाही.

२ जुलै

दुसऱ्यांदा गेले. त्याची झुरळं गेली! साहेबांची भेट लगेच.

१४ जुलै

मुंबईहून समिती येणार, सप्टेंबरात, अलिबागला. परवान्याच्या अटींवर छोट्या व्यावसायिकांचं म्हणणं ऐकणार. आमच्यातर्फे मी बोलायचं.

सदाला सांगितलं तर तो पंपाचं नोझल पुसत म्हणाला, "ताय, तुजा परवाना झाला म्हंजे माजीपन नोकरी ऱ्हायली." सदा आमच्याकडे सुरुवातीपासून आहे. मुलीचं लग्न राहिलंय त्याच्या. तो कधी असं बोलत नाही, म्हणून लागलं.

भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य जमलं — "सतरा वर्षांत माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही." हेच माझं प्रमाणपत्र. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. छान वाटतं.

१२ ऑगस्ट

तळा तालुक्यातल्या एका गावात काम होतं. घरमालक हरेश्वर म्हणून, दहिसरला असतात. गणपतीला सगळे येणार, त्याआधी कोठीच्या खोलीतल्या भाताच्या कणगीतले पोरकिडे आणि जुन्या पेटाऱ्याचं लाकूड पोखरणारा भुंगा मारून हवा होता. तिथे फवारणी चालत नाही, धुरीच्या गोळ्याच ठेवाव्या लागतात. ताडपत्रीखाली गोळ्या ठेवायच्या, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, आणि आठवडाभर त्या घरात पाऊल टाकायचं नाही. हवेतल्या ओलीने त्यातून वायू सुटतो. जहरच ते. म्हणून माझा नियम — नांदत्या घरात गोळ्या नाहीत. कितीही ओळख काढा, नाही म्हणजे नाही.

फोनवर विचारून घेतलं, घरात कोणी येतं-जातं का? "छे हो ताई, मे महिन्यापासून घर बंद." चावी त्यांनी भाच्याकरवी पाठवली; तो मुरुडला कामाला आहे, त्याने ती सदाच्या हातात दिली.

काम नीट झालं. पुढच्या दाराला सूचनेचा कागद लावला, वर कवटीचं चित्र. निघालो तेव्हा पाऊस आडवा-तिडवा. रोह्याला मिसळ खाल्ली. श्रावण आहे हे सदाच्या लक्षात, नाहीतर त्याने सुरमईच मागितली असती.

१७ ऑगस्ट

गाडी येईपर्यंत लिहिते.

दुपारी हरेश्वरांचा फोन. "ताई, आमच्या शेजारच्या गोदूआजीला माणगावला ॲडमिट केलंय. उलट्या, छातीत धडधड, बीपी लागत नाही. डॉक्टर म्हणतात काहीतरी खाण्यातून. तुम्हाला सहज विचारतो... तुमच्या औषधाने काही होत नाही ना? ती रोज संध्याकाळी घरात जाते."

कशाला जाते?

"देवाला दिवा लावायला."

मी म्हटलं, तुम्ही तर म्हणालात कोणी येत-जात नाही! ते म्हणाले, "अहो, ते काय येणं-जाणं? दिवा तर लावावाच लागतो. मागच्या दाराची चावी तिच्याकडेच असते."

खरं आहे. दिवा तर लावावाच लागतो. माझ्या माहेरचं घर बंद होतं तेव्हा आम्हीही शेजारच्या काकूंकडेच चावी दिलेली. आणि घर बंद आहे असंच सांगायचो सगळ्यांना. मला हे माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्या दिवशी देवघरात मी डोकावले होते. देवांवर जास्वंद होती. ताजी! मे महिन्यापासून बंद असलेल्या घरात. मी ती बघितली, नमस्कारही केला, आणि गोळ्या मोजायला गेले.

पुढच्या दारावरचा कागद तिला कसा दिसणार? पावसासाठी पडवीला बाहेरून माडाच्या झावळ्यांचे झाप लावलेत. कागद झापाच्या आत. आम्हीच ते सरकवून आत गेलो आणि निघताना पुन्हा लावले, नीट, बांधून.

सदा गाडी काढतोय. माणगावला जाते.

१८ ऑगस्ट

काल डॉक्टरांना सांगितलं. काय सांगितलं ते इथे खरं लिहिते.

मी म्हटलं, "मी कीडनियंत्रणात आहे. हरेश्वरांच्या फोनवर लक्षणं ऐकली. आजी जिथे दिवा लावते तिथे धुरीच्या गोळ्या ठेवल्या असणार. हा खाण्याचा प्रकार नाही, वायूचा आहे." ठेवल्या असणार. असणार!

तरुण डॉक्टर होता. तडक उठला, औषधं बदलली, पनवेलच्या मोठ्या इस्पितळाला फोन लावला, हृदयाचं यंत्र जोडलं. नंतर बाहेर येऊन म्हणाला, "बरं झालं आलात. आम्ही पोट धूत बसलो होतो." गोदूआजीचा मुलगा धाकू — गावातच शेती बघतो — माझ्या पायाशी वाकला. मी मागे सरले तर म्हणाला, "तुमी देवासारक्या आलाव."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नर्सने त्याला आत बोलावलं.

नर्सने बोलावलं म्हणून राहिलं असं नाही. तो परत आला तेव्हाही मी तिथेच होते.

२१ ऑगस्ट

आजी शुद्धीवर आहे, बोलते. आज पुन्हा गेले. सांगायचं म्हणून गेले असं नाही, पण घरी बसवत नव्हतं.

धाकूने विचारलं, आये, वास नाय आला तुला? ती म्हणाली, "आला तर! सुकटीचा वास आला. मी म्हटलं, श्रावनात देवाच्या घरात कुनी सुकट आनलान? मांजरान आनली असंल. मग सगली जमीन धुतली, कोठीच्या दारापातूर. दुसऱ्या दिशी परत वास. मग शेन कालवून सारवलं. बसूनच व्हते किती येल."



तोच वास. कुजक्या मासळीचा, लसणीचा. सदाला मी पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं, हा वास आला की हातातलं टाकून पळ. आणि या बाईला वास आला म्हणून ती थांबली. देव बाटले म्हणून धूत बसली. पाणी देवघर आणि कोठीमधल्या कुडाच्या खालून ताडपत्रीत गेलं असणार. पाणी लागलं की त्या गोळ्या आणखी जोरात वायू सोडतात. ती जेवढं धूत होती तेवढं विष वाढत होतं. दोन दिवस.

कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल. पण मी तर याच मातीतली आहे ना! माझं काम होतं हे ओळखणं. ज्या अनुभवावर मी छाती फुगवते तो हाच.

२३ ऑगस्ट

घर उघडून हवा खेळवली. तोंडाला मुखवटा लावून उरलेली भुकटी काढली, लांब माळावर पुरली. ताडपत्रीची कड देवघराच्या बाजूने ओली होती.

दारावरचा कागद मी काढला. घडी करून खिशात घातला. सदाने बघितलं.

संध्याकाळी हरेश्वरांचा फोन — "ताई, आजी वाचली, देवाची कृपा. चावीचं मी सांगायला विसरलो, औषध तुम्ही ठेवलं. आता दोघांनीही तो विषय काढला नाही तर बरं. गावात मी सांगितलंय, मुंबईहून कोणीतरी आलं होतं काम करायला."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२९ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती काल पोचवला. नैवेद्याला मीठच घालायला विसरले.

५ सप्टेंबर

एका स्थानिक पेपरात आलंय — "मुरुडच्या महिलेच्या अनुभवाने वाचले वृद्धेचे प्राण". खाली माझा फोटो, संघटनेच्या बैठकीतला. हे ऋत्विकचं काम. धाकूने गावात सांगितलं, गावातून कोणी ग्रुपवर टाकलं, आणि हा ऋत्विक काय, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला तयारच.

फोनवर म्हणाला, "ताई, याहून भारी केस मिळणार नाही आपल्याला! डॉक्टरला जे कळलं नाही ते सतरा वर्षं काम केलेल्या बाईला कळलं. समितीसमोर हेच बोलायचं."

मला कळलं, कारण मीच ठेवल्या होत्या रे. हे मनात म्हटलं.

मग त्याला भेटून सांगितलंच. चौलला, त्याच्या नारळाच्या वाडीत. सगळं सांगितलं. तो खाली बसला. बराच वेळ नुसता पायाने पालापाचोळा सारत होता. मग म्हणाला, "बाई वाचली ना? डॉक्टरला खरं कारण कळलं ना? मग झालं. तू आत्ता बोललीस तर तुझा परवाना जाईल, ते सोड. पण ही मागणी पुढची वीस वर्षं कोणी करणार नाही. आपली तीस-पस्तीस घरं आहेत, ताई. त्यांना काय सांगू?"

वाईट माणूस नाही तो. खोटंही काही बोलला नाही. म्हणूनच संताप होतो.

८ सप्टेंबर

सदा म्हणाला, "माज्या तोंडातून न्हाय निगनार, ताय. पन मला जेवन जात न्हाय."

मलाही नाही जात. दोघं दुकानात समोरासमोर डबे उघडून बसतो आणि झाकणं लावतो. याला सहभोजन म्हणायचं.

११ सप्टेंबर

सुनावणी झाली.

हॉल भरलेला. समितीत चार जण. मोठ्या कंपन्यांतर्फे कोटातला एक माणूस बोलला — पदवीची अट काढली तर कोणीही गल्लीतला विष वाटत फिरेल. आमच्या बाकांवर कुजबुज झाली. मग मी. भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य मी गाळलं. सरळ मागणीवर आले — अनुभव मोजा, परीक्षा घ्या, पदवीवाल्यांचीही घ्या, प्रत्यक्ष कामावर असेल त्याचंच नाव परवान्यावर लावा. टाळ्या पडल्या.

ऋत्विकने पेपरचं कात्रण पुढे सरकवलं. समितीतल्या बाईंनी वाचलं. चष्मा काढून माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "कौतुक आहे तुमचं. एकच विचारते, नोंदीसाठी. इतक्या वर्षांत तुमच्या स्वतःच्या कामात कधी अपघात?"

समोर ऋत्विक. मागे सदा, इस्त्रीचा सदरा घालून आलेला. त्याच्या मागे ती तीस-पस्तीस माणसं.

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. बाईंनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी हात मिळवले. कोणीतरी पेढा तोंडात घातला.  मला माझी लाज वाटते. हे वाक्य लिहायलाच आज वही उघडली.

१२ सप्टेंबर

सुजित, तू असतास तर काय म्हणाला असतास? तू सही केली असतीस. तू नेहमी करायचास. आता सही माझी आहे.

२६ सप्टेंबर

समितीने शिफारस केली! दहा वर्षांचा अनुभव आणि परीक्षा. शासनाकडे जाईल, वेळ लागेल, पण दार उघडलं. ऋत्विकचा फोन, आमदारांच्या त्या माणसाचा फोन, लॉजवाल्यांचे फोन. परीक्षेच्या पहिल्या तुकडीत माझं नाव घालणार म्हणे. संघटना सत्कार करणार आहे, शाल-श्रीफळ.

जे मागितलं ते सगळं मिळालं. सदाची मुलगी लाडू देऊन गेली. मी डबा उघडलासुद्धा नाही.

एकच बरं वाटतं — आता कुठल्याही कामाला गेले की आधी शेजारच्या घरात जाते. विचारते, चावी कोणाकडे? दिवा कोण लावतं? मांजर कोणाची? काल नांदगावला एका आजोबांनी मला वेड्यात काढलं. काढू देत.

पण हे प्रायश्चित्त नव्हे, हे मला कळतं. हा नुसता शहाणपणा. तो आता येऊन काय उपयोग?

४ ऑक्टोबर

धाकूचा फोन. आये घरी आली, हिंडती-फिरती आहे, "तुमाला भेटायचं म्हनते." मी म्हटलं येते. गेले नाही.

९ ऑक्टोबर

आजही नाही गेले. सत्काराची तारीख ठरली, दिवाळीनंतर.

१४ ऑक्टोबर

गोदूआजी आली होती. एकटी, एसटीने, दोनदा गाडी बदलून. नव्या भाताचे पोहे आणले होते. खुर्चीत बसली, चहा घेतला, सुजितच्या फोटोकडे बघून विचारलं, "ह्यो तुजा घोव?" मी हो म्हटलं. तब्येत विचारली. "बरी हाय. जरा दम लागतो."

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्या दिशी तू न् तो मानूस ताडपत्री घेऊन त्या घरात शिरलाव ना, तवा मी माज्या पडवीत भाजी निवडीत व्हते. इस्पितलात आलीस तवाच तुला वलाकलं मी. धाकूला न्हाय सांगितलं. म्हटलं, तिची ती सांगंल. लय दिस वाट बगितली, बाय. म्हनून आज मीच आले."

मी तिला तेव्हा सांगितलं. सगळं. 

तिला गाडीत बसवून आले. सदाला निरोप दिला — उद्या दुकान उघडू नको, आपण दोघं अलिबागला परवान्याच्या खिडकीवर जातोय. दारावरचा तो कागद पिशवीत ठेवलाय.